उतारवयात घर नेमकं कुठं करावं? गाव, लातूर की पुणे (सल्ला हवा)

औसेकर_गुरुजी | १४ मे, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. धागा जरा लांबणार आहे, आधीच माफी मागतो.

मी जिल्हा परिषदेचा निवृत्त शिक्षक, वय ६८. सौ. ६३. लातूरला अंबाजोगाई रोडच्या आतल्या बाजूला एका कॉलनीत दुसऱ्या मजल्यावर आमचा फ्लॅट आहे, २००४ साली घेतलेला. लिफ्ट नाही. त्या वेळी लिफ्टची आठवणसुद्धा झाली नव्हती, मी गॅसची टाकी खांद्यावर टाकून वर चढायचो. आता सौ.चे दोन्ही गुडघे गेलेत. खालून वरपर्यंत ३८ पायऱ्या. मधल्या वळणावर खिडकी आहे, तिथं तिनं तुळशीची कुंडी ठेवलीय. म्हणजे दम लागून थांबली तरी पाणी घालायला थांबल्यासारखं दिसावं.

तर घर बदलायचं हे ठरलंय. कुठं, तेवढं ठरत नाही. औसा तालुक्यात गावी वडिलार्जित वाडा आहे. मागची बाजू पडलीय, पुढचा सोपा, देवडी आणि दोन खोल्या शाबूत आहेत. मला मनातून तिथं जायचंय, खोटं कशाला बोलू. मुलगा पुण्यात वाकडला असतो, तो म्हणतो इकडंच या. तिसरं म्हणजे लातुरातच तळमजल्याचं काही बघायचं. एजंटानं पाच-सहा दाखवली. तळमजला म्हणून दाखवतात आणि तिथं गाड्या लागलेल्या असतात, राहायचं ते पहिल्या मजल्यावर.

सौ.ला विचारलं. ती म्हणते, "तुम्ही म्हणाल तिथं."

निवृत्तीचे पैसे बरेचसे पोस्टात ज्येष्ठ नागरिक योजनेत आहेत, ते मोडायची इच्छा नाही. ज्यांनी या वयात घर हलवलंय त्यांनी सांगावं.

किल्लारी९३ | १४ मे, रात्री ११:०५

गुरुजी, वाड्याचं मनात असेल तर आधी भिंत बघा. वर मातीचं माळवद आहे का? असणारच तुमच्याकडं.

९३ च्या भूकंपात मी चौदा वर्षांचा होतो. २९ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून लोक उशिरा झोपलेले. पहाटे चारला चार मिनिटं कमी. मी बाहेर बाजेवर होतो म्हणून हे लिहायला आहे. आमच्या घराची भिंत अडीच हात रुंद. लोकांना वाटायचं एवढी जाड भिंत म्हणजे किल्लाच. पण आतला दगड वेगळा, बाहेरचा वेगळा, मधी माती आणि बारीक गोटे भरलेले. दोन्ही बाजूंना सांधणारा एकही लांब दगड नाही. हादरा बसला की भिंत उभी फाटून दोन्हीकडं उलगडते. आणि वर माळवद. दरसाल पावसाच्या आधी गळू नये म्हणून पांढऱ्या मातीचा थर द्यायचा, जुना कुणी काढत नाही. माझ्या आज्याच्या काळापासूनची माती वर साठलेली. भूकंपानं माणसं मारली असं म्हणतात, आमच्याकडं ती घरानं मारली.

म्हणून, राहायचं असेल तर माळवद उतरवा, वर पत्रे घाला, आणि भिंतीला चारी बाजूंनी काँक्रीटचा पट्टा मारून घ्या. नुसता गिलावा करून, रंग देऊन राहू नका. रंग दिल्यावर वाडा लई देखणा दिसतो, तेच वाईट.

अजून एक सांगतो, विषय तोच आहे. आम्हाला नवीन गावात घर मिळालं. एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांना आणि भूमिहीनांना २५० चौरस फूट, सात हेक्टरांपर्यंत ४००, त्याच्या वर ७५०. आमचं ४०० चं. घर मजबूत, त्याला नाव ठेवायला जागा नाही. पण रस्ते सरळ, सगळी घरं सारखी, भावकी एकीकडं आणि शेजार एकीकडं. आज्याला संध्याकाळी स्वतःचं दार सापडायचं नाही. त्यानं ओळखीसाठी दाराला एक जुना नाल ठोकला, तर पंधरा दिवसांत गल्लीतल्या पाच जणांनी ठोकला. मग तो रोज सकाळी उठून जुन्या गावच्या ढिगाऱ्यावर जाऊन बसायचा, दुपारी जेवायला यायचा. सहा वर्षं जगला त्यानंतर. पत्ता नव्या गावाचा होता, एवढंच.

रानजाई | १५ मे, सकाळी ७:१२

वाचतेय. किल्लारी९३, काय लिहिलंत. तुळशीच्या कुंडीपाशी आधीच थांबले होते.

सिस्टर_घाटी | १५ मे, सकाळी १०:३०

मी छत्रपती संभाजीनगरला घाटीत ३१ वर्षं परिचारिका होते, त्यातली बरीच हाडांच्या वॉर्डात. गाव की शहर ते तुमचं तुम्ही ठरवा. मी फक्त न्हाणीघराबद्दल बोलणार.

म्हातारी माणसं जिन्यावरून पडतात असं सगळ्यांना वाटतं. जिन्यावर माणूस जपून असतो हो. खुब्याचं हाड मोडून आमच्याकडं यायच्या त्या निम्म्याहून जास्त रात्री लघवीला उठलेल्या. अंधार, ओली चकचकीत फरशी, मधे तीन इंचांचा उंबरा. आणि आतून कडी. कडी आतून लावलेली, बाई आत पडलेली, दार आत उघडणारं आणि दाराला तिचंच अंग टेकलेलं. दार फोडलं तर तिलाच लागणार. हे मी एकदा नाही, अनेकदा ऐकलंय.

घर बघायला जाल तेव्हा हॉल बघू नका, हॉल सगळ्यांचे चांगले असतात. पलंगापासून संडासापर्यंत डोळे मिटून चालून बघा. दार बाहेर उघडणारं करून घ्या, कडीऐवजी बाहेरून उघडेल असं कुलूप. कमोडच्या बाजूला भिंतीत पक्की दांडी, टॉवेलचा रॉड नव्हे, तो हातात येतो. खाली खरखरीत फरशी, शहाबादी असली तरी चालेल. दारं तीन फुटांची हवीत. महारेरानं २०२४ मध्ये ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी नियम केले, त्यातही दार किमान ९०० मिलिमीटर म्हटलंय. चाकाची खुर्ची अडीच फुटांच्या दारातून सहज जात नाही. आज खुर्ची लागत नाही हे मलाही कळतं.

बोअर_सातशे_फूट | १५ मे, दुपारी १:४५

सिस्टरचं खरं हाय, पन न्हाणीत पानी नसंल तर?

गुरुजी तुमाला सांगायची गरज नाही, तुमी लातूरचेच. १२ एप्रिल २०१६, मिरजेहून रेल्वेनं पानी आलं. धा डब्बे, पाच लाख लिटर. मी टेशनवर बघायला गेलतो. लोकं फोटो काढायलेत, मला रडू यायलं. त्या साली आमच्या कालनीत तिसऱ्या मजल्यावरचं एक म्हातारं जोडपं कळशीनं पानी वर न्यायचं. दोगं मिळून एक कळशी, आर्धी आर्धी.

म्हनून घर बगताना एजंटाला इचारू नका, शेजारनीला इचारा. नळ कितव्या दिवशी येतो, किती वाजता येतो. रात्री दोनला येत आसंल तर मोटार कोन लावनार? आन बोअर हाय म्हनला की खूश होऊ नका. आपला सगळा काळा पाषान. चारशेला लागलं तर लागलं, न्हाईतर धूळच. मी सातशे मारला, माझं नाव बगा. जानेवारीपतोर चालतो, मग कोरडा. टाकी जमिनीखाली दहा हजार लिटरची पायजे, बोअर असू दे न्हाईतर नसू दे.

वाकडचा_लातूरकर | १५ मे, रात्री १०:२०

मी या धाग्यावर मुलाच्या बाजूनं लिहितोय. माझेही आईवडील उदगीरला असतात.

काका, आम्ही "इकडंच या" म्हणतो त्यात प्रेम आहेच, पण भीतीही आहे. रात्री साडेअकराला गावचा नंबर फोनवर दिसला की पोटात गोळा येतो. वाकडहून उदगीर, कितीही दामटलं तरी सात-आठ तास. त्या सात-आठ तासांत काय काय होऊन जाईल याचा विचार आम्ही रोज करतो, बोलत नाही. एवढंच म्हणायचं होतं. मुलाला परकं करून निर्णय घेऊ नका.

औसेकर_गुरुजी | १६ मे, सकाळी ६:५०

सगळ्यांचे आभार. किल्लारी९३, तुमचं वाचून वाड्याची भिंत डोळ्यांपुढं आली. सौ. ९३ नंतर वाड्यात एकदाही छताखाली झोपलेली नाही. गेलो तर अंगणात बाज टाकते, थंडी असली तरी. मी आजवर याला हट्ट समजत होतो.

वाकडचे, तुमचं पटलं. पुण्यात आम्ही मागं तीन महिने राहून आलो. मुलाचं, सुनेचं सगळं चांगलं. अकरावा मजला, लिफ्ट, वारा. फक्त दिवसभर करायचं काय? खाली गेटवर एक वॉचमन अहमदपूरचा निघाला. मी रोज दहा वाजता त्याच्याकडं जाऊन बसायचो. सोयाबीनचा भाव, पाऊस, तहसीलमध्ये कोण आलंय. एक दिवस त्याची ड्यूटी मागच्या गेटला लागली तर मी मागच्या गेटला गेलो. मुलाला सोसायटीच्या ग्रुपवरून कळलं. तो काही बोलला नाही, पण त्याला ते लागलं.

निखारा | १६ मे, सकाळी ९:३३

एवढं शिकवून पुण्याला पाठवलं आणि आता त्याच्याकडं करमत नाही. लोकांना मुलगा सांभाळत नाही म्हणून रडू येतं, तुम्हाला सांभाळतो म्हणून.

रानजाई | १६ मे, सकाळी ९:५०

निखारा, दुसरा धागा बघा ना.

तलाठी_आप्पा | १६ मे, दुपारी ४:१५

भावनेचं झालं, आता कागदाचं बोलतो. ३४ वर्षं दप्तर सांभाळलंय.

गावठाणातल्या घराचा ग्रामपंचायतीचा नमुना ८ असतो. तो कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नव्हे. तुमच्या गावाची ड्रोन मोजणी झाली असेल तर मिळकत पत्रिका निघाली का बघा, आणि तीवर कुणाकुणाची नावं आहेत ते बघा. भाऊ किती, बहिणी किती? बहिणींचा हिस्सा असतो, त्यांनी "राहू दे दादा" म्हटलं तरी हक्कसोडपत्र नोंदवल्याशिवाय त्या म्हणण्याला किंमत नाही. वाड्यावर पाच-सहा लाख घालाल आणि पुतण्या वाटणी मागायला येईल.

शहराच्या कडेला स्वस्तात प्लॉट किंवा बैठं घर मिळतंय म्हणून जाऊ नका. आपल्या मराठवाड्यात निजामाच्या काळापासूनची इनामं आहेत, मदतमाश, देवस्थान. सातबाऱ्यावर वर्ग २ असेल तर परवानगीशिवाय व्यवहारच होत नाही, आणि लोक बाँडवर सर्रास विकतात. जुना खासरा पाहणी उतारा काढा, १९५४ चा. सगळी कुंडली त्यात असते. गुंठेवारीतलं घर असेल तर नियमित झाल्याचा कागद मागा. फ्लॅट असेल तर भोगवटा प्रमाणपत्र. रजिस्ट्री होत नसेल तर तो व्यवहार नाही, तो उधार आहे.

आणि गुरुजी, राहतं घर आज मुलाच्या नावावर करू नका. मुलगा कितीही चांगला असू दे. मुलाला, नातवाला राहतं घर बक्षीस द्यायला मुद्रांक २०० रुपये लागतो, म्हणून लोकांना घाई होते. मृत्युपत्र करा. त्याला मुद्रांक लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, दोन साक्षीदार पुरतात. पण नोंदवलेलं बरं.

सही_जपून | १६ मे, सायंकाळी ७:०२

आप्पांच्या शेवटच्या परिच्छेदाला माझं अनुमोदन, अनुभवानं.

माझ्या आत्याला मूलबाळ नाही. तिनं बीडमधलं घर एका पुतण्याच्या नावे बक्षीसपत्र करून दिलं, शेवटपर्यंत सांभाळीन या बोलीवर. बोली तोंडी. दीड वर्षांनी तिची खोली भाड्यानं गेली आणि ती आमच्याकडं आली, एक पत्र्याची पेटी आणि देव घेऊन. ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा २००७ चा कायदा आहे, त्यात कलम २३ आहे: सांभाळण्याच्या अटीवर दिलं आणि सांभाळलं नाही तर ते बक्षीस रद्द होऊ शकतं. प्रांताकडं अर्ज करायचा. आम्ही केला. पहिलाच प्रश्न, अट कागदात कुठं आहे? द्यायचंच असेल तर ती अट कागदात लिहून घ्या, एका ओळीचं काम आहे. आमची तारीख अजून चालू आहे, म्हणून जास्त लिहीत नाही.

एकटी_पण_निवांत | १७ मे, दुपारी १२:४०

मी ५८, अविवाहित, संभाजीनगरला सिडकोत भाऊ-भावजयीच्या वरच्या खोलीत राहते. दोन वर्षांत निवृत्त होईन. माझं ठरलंय, वृद्धाश्रम. हा शब्द लिहिला की लोक हळहळतात, म्हणून आधीच सांगते, हळहळू नका.

मराठवाड्यात आणि बाहेर मिळून सात ठिकाणं बघून आले. जाहिरातीत बाग असते, भजनाचा हॉल असतो. मी ऑफिसात बसले की एकच विचारते: अंथरुणाला खिळले तर ठेवता का? सातांपैकी पाच जणांनी सांगितलं की प्रवेश स्वतःचं स्वतः करणाऱ्यांनाच, नंतर नातेवाइकांनी न्यायचं. अहो, मला न्यायला कोणी नाही म्हणून तर मी येतेय! सहाव्यानं "बघू" म्हटलं. सातव्या ठिकाणी बाईंनी मला आत नेऊन चार खाटा दाखवल्या. चादरी धुतलेल्या होत्या, वास नव्हता, एक आजी भिंतीकडं तोंड करून झोपलेल्या होत्या आणि त्यांची नखं कापलेली होती. मी नखं बघितली. नाव नोंदवून आले. अनामत किती, त्यातली परत किती आणि कधी, हे लेखी घेतलं.

पण माझं जाऊ द्या. गुरुजी, पहिल्या पोस्टमध्ये तुम्ही लिहिलंय की सौ. म्हणतात "तुम्ही म्हणाल तिथं." त्यावर इतके प्रतिसाद आले, कुणीच थांबलं नाही. हे वाक्य माझी आई चाळीस वर्षं म्हणायची. तिला हवं ते वेगळंच असायचं.

औसेकर_गुरुजी | १७ मे, रात्री ९:१५

ताई, विचारलं की हो मी. दोनदा विचारलं.

औसेकर_गुरुजी | १९ मे, दुपारी ३:३०

मी ह्यांची मंडळी. भाची सुट्टीला आलीय, तिच्या हातून लिहून घेतेय. ह्यांच्याच खात्यावरून टाकतेय, ह्यांना सांगितलेलं नाही. वाचतीलच.

तुम्ही सगळ्यांनी लई चांगलं सांगितलं. सिस्टरबाईंचं तर मी दोनदा वाचून घेतलं.

वाड्याचं म्हणाल तर १९८१ ला मी तिथं सून म्हणून आले. सासरे होते तोवर ओसरीवर बसायची सोय नव्हती, चूल आणि परस एवढाच माझा वाडा. आता सगळे गेले, ओसरी मोकळी झाली, तर माझे गुडघे गेले. ह्यांना वाड्याची आठवण येते ती ओसरीवरची. माझी वेगळी आहे.

पुण्यात सून गुणी आहे. कधी वाकडं बोलली नाही. पण चहाचं पातेलं कुठल्या फळीत ठेवायचं ते तिला विचारावं लागतं. पातेलं तिचं आहे ना.

अंबाजोगाईला माझी धाकटी बहीण आहे. तिचे मालक करोनात गेले. तिच्या गल्लीत, चार घरं सोडून, खालच्या अंगाला दोन खोल्या, न्हाणी आणि पुढं थोडं अंगण रिकामं आहे. मी दिवाळीलाच बघून आले. संडास आत आहे, उंबरा आहे पण फोडता येतो. न्हाणी इतकी लहान की दोन्ही हातांनी दोन्ही भिंती धरता येतात, पडायला जागाच नाही. योगेश्वरीचं देऊळ मला हळूहळू चालत गाठता येतं.

"तुम्ही म्हणाल तिथं" असं मी म्हणते कारण सासुरवाडीत राहायचं म्हटल्यावर ह्यांचं तोंड कसं होईल ते मला माहीत आहे. ४० वर्षं बघतेय ते तोंड.

रानजाई | १९ मे, दुपारी ३:४१

काकू!!

बोअर_सातशे_फूट | १९ मे, दुपारी ४:१०

काकूनं एका पोस्टीत धागा गुंडाळला. पन काकू, पानी तिथंबी त्याच धनेगावच्या धरनाचं हाय, मांजराचं. लातूरचं तेच, आंबेजोगाईचं तेच. टाकीचं इचारून घ्या.

पासोडी | १९ मे, रात्री ८:२५

अंबाजोगाईकर हजर आहे. काकू, या.

कौतुक करायला गेलो तर थांबणार नाही, म्हणून उपयोगाचं तेवढं सांगतो. स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाचं मोठं सरकारी रुग्णालय गावातच आहे. रात्री-अपरात्री रिक्षानं पोचता येतं, ही आमच्या गावाची सगळ्यात मोठी श्रीमंती. बालाघाटावर असल्यामुळं उन्हाळ्यात परभणीसारखी भट्टी होत नाही. वाईट बाजू: गाव चढउताराचं आहे. नकाशावर देऊळ पाच मिनिटांवर दिसतं, मधला चढ नकाशात दिसत नाही. गुडघेवाल्यांनी जाताना उतार आणि येताना चढ असं घर घेऊ नये, उलटं चालेल. रेल्वेला परळी गाठावी लागते. मुकुंदराजांच्या समाधीकडं खाली पायऱ्या आहेत, काकूंनी तिथला हट्ट करू नये. दासोपंतांच्या समाधीला मी स्वतः घेऊन जाईन, आणि पासोडी, म्हणजे त्यांनी कापडावर लिहिलेला ग्रंथ, दाखवायचा प्रयत्न करीन. ज्या माणसानं लिहायला चाळीस फुटी कापड घेतलं, त्याच्या गावात धागा लांबला म्हणून कुणी माफी मागत नाही.

लगेच विकत घेऊ नका. अकरा महिन्यांचा करार करा. एक पावसाळा, एक उन्हाळा काढा.

औसेकर_गुरुजी | २० मे, सकाळी ५:४०

वाचलं. झोप लागली नाही.

तोंड झालं माझं, ती म्हणते तसंच झालं, आरशात बघून आलो. ६८ व्या वर्षी घरजावई! गावात कळलं तर पारावर काय बोलतील हे पहिलं मनात आलं. मग मोजलं, पारावर बसणाऱ्यांतले आता हयात किती. दोन. त्यांतल्या एकाला ऐकू येत नाही.

पण एक बोललं पाहिजे. दिवाळीला बघून आली, आणि मे उजाडला. सहा महिने ती माझ्याबरोबर एजंटाच्या मागं घरं बघत फिरली, प्रत्येक जिना चढली, आणि "छान आहे" म्हणाली. मी चिडलोय की मला लाज वाटतेय ते अजून ठरलेलं नाही.

सिस्टर_घाटी | २० मे, सकाळी ८:००

ठरवू नका. दांडी बसवून घ्या.

वाकडचा_लातूरकर | २० मे, सकाळी ९:१८

तुमच्या मुलाला हा धागा पाठवा. मी माझ्या आईला कालच फोन केला, "तुला कुठं राहायचंय?" विचारलं. ती म्हणाली, "का रे, बरं आहे ना तुला?"

औसेकर_गुरुजी | ११ जानेवारी, सायंकाळी ६:३०

मंडळी, धागा वर काढतोय. बऱ्याच जणांनी व्यक्तिगत निरोपात विचारलं होतं.

दसऱ्यानंतर आम्ही अंबाजोगाईला आलो. लातूरचा फ्लॅट विकला नाही, भाड्यानं दिला. भाडं इथल्या भाड्यापेक्षा जास्त येतं, वरचे पैसे औषधाला जातात. पोस्टातल्या पैशांना हात लावलेला नाही. उंबरा फोडला. मिस्त्री म्हणाला, "दाजी, उंबरा फोडत नसतेत, लक्ष्मी जाती." सौ. म्हणाली, "लक्ष्मीचे गुडघे चांगले असतील, ती ओलांडून येईल." दांडी दोन ठिकाणी बसवली. दार बाहेर उघडतं, फक्त ते आता उघडताना बादलीला लागतं.

सगळं गोड आहे असं नाही. नळाचं पाणी रोज नाही, टाकी छोटी आहे. दोघी बहिणींचं मधे आठ दिवस बोलणं बंद होतं, शेवयांवरून. नेमकं काय झालं ते मला दोघींनीही सांगितलं आणि दोन वेगवेगळ्या गोष्टी सांगितल्या. मी चार घरं सोडून तिकडं आणि तिकडून इकडं डबे पोचवत होतो. मुलगा पहिल्यांदा आला तेव्हा घुम्यासारखा बसला, "आमचं काय चुकलं" म्हणाला. त्याला संध्याकाळी रुग्णालयाच्या गेटपर्यंत चालत नेऊन आणलं, घड्याळ लावून. चौदा मिनिटं. तो काही बोलला नाही, पण परत जाताना त्यानं ती वेळ फोनमध्ये लिहून घेतली.

मला इथं कुणी गुरुजी म्हणत नाही. मेव्हणीमुळं अख्खी गल्ली "दाजी" म्हणते. किराणावालासुद्धा. पहिल्या महिन्यात वळून बघायचो नाही, वाटायचं दुसऱ्याच कुणाला म्हणतोय.

येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, मात्र गावी गेलो. आम्हा दोघांनाही एसटीचं अर्धं तिकीट, ती बाई म्हणून, मी पासष्टीच्या पुढचा म्हणून. शेतात आंबिल-भज्जी झाली, भावकी भेटली. वाड्यातही गेलो. माळवद उतरवून घेतलंय, नुसत्या भिंती उभ्या आहेत. सौ. पहिल्यांदाच ओसरीवर तासभर बसली, शेंगा फोडत. वर आभाळ होतं.

आता आप्पांसाठी प्रश्न. घरमालक म्हणतोय विकायचंय, तुम्हीच घ्या. करार सप्टेंबरपर्यंत आहे. मिळकत पत्रिकेवर चार नावं दिसतात, त्यांतले दोघं भाऊ हैदराबादला. काय करावं?

तलाठी_आप्पा | ११ जानेवारी, रात्री ८:५०

चौघांच्या सह्या लागतील. हैदराबादचे येत नसतील तर मुखत्यारपत्र, तेही नोंदवलेलं. शोध अहवाल तीस वर्षांचा काढून घ्या. घेतलंच तर काकूंच्या नावानं घ्या, महाराष्ट्रात बाईच्या नावानं घर घेतलं की मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट आहे. कागद मला पाठवा. आणि मी बघेपर्यंत इसार देऊ नका, एक रुपयासुद्धा.

औसेकर_गुरुजी | ११ जानेवारी, रात्री ९:२०

आप्पा, आत्ताच तिला वाचून दाखवलं. ती म्हणते इसार दिलाय, संक्रांतीच्या आत द्यायचा होता म्हणून. पाच हजार. पावती तिच्या नावावर आहे, देवाच्या पाटाखाली ठेवलीय.

तलाठी_आप्पा | ११ जानेवारी, रात्री ९:२४

पावतीवर चौघांची नावं आहेत का ते विचारा.

औसेकर_गुरुजी | ११ जानेवारी, रात्री ९:३१

आहेत म्हणते. हैदराबादच्या दोघांना तिनं दिवाळीत फराळाचा डबा पाठवला होता.